पावसातलं मीठ आणि म्हात्रे बाई

कमल म्हात्रे बाईंची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. हे त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात लिहू नका, असे मला दोघा सहकाऱ्यांनी सुचवले. पण गुळमुळीत लिहिलेले बाईंनाच आवडायचे नाही. आठ वर्षांपूर्वी त्या आमच्या कळव्याच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आल्या आणि पहिल्याच दिवशी माझ्या इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसल्या. तास संपल्यावर म्हणाल्या, सर, छान शिकवता, पण मुलांना तोंड उघडू देत नाही. वीस वर्षे शिकवून मला हे ऐकावे लागले! मी चार शब्द सुनावले. बाईंनी ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बाकावर बसल्या.

बाई कळव्याच्याच, जुन्या आगरी घरातल्या. शाळेत त्यांचे मराठी अगदी नेटके, पण एखादी आजी नातवंडाला पोचवायला आली की फाटकातच त्यांची बोली सुरू व्हायची. माणसांना धरून ठेवणे हा त्यांचा स्वभाव आहे. माझ्या पत्नीचे ऑपरेशन झाले तेव्हा बाईंनी माझे तास पंधरा दिवस स्वतः घेतले, आणि वर माझ्या वर्गांच्या वह्याही तपासून ठेवल्या. आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, वह्यांतले तुमचे अक्षर फार वाईट आहे हो.

कृत्रिम बुद्धिमत्ता मुलांच्या फोनमध्ये आली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सर्वांत मोठा आवाज माझा होता. बंदी घाला, असे माझे म्हणणे. मांजर डोळे मिटून दूध पिते तसले हे झाले, असे बाई म्हणाल्या. निवृत्तीला वर्षही उरले नव्हते, तरी त्या नववीच्या मुलांशेजारी बसून ते यंत्र चालवायला शिकल्या. मग दर शनिवारी त्यांनी शिक्षकांचा वर्ग सुरू केला. रीत साधी होती. प्रत्येकाने यंत्राला आपल्याच गल्लीची माहिती विचारायची आणि त्यातले काय चुकले ते शोधायचे. आमच्या चित्रकलेच्या बाई टेंभी नाक्याच्या. त्यांच्या गल्लीत यंत्राने चक्क एक तलाव खणून दिला होता. मी मात्र त्या शनिवारांना एकदाही गेलो नाही.

आणि मग माझेच पितळ उघडे पडले. घटक चाचणी डोक्यावर आली होती, तेव्हा बंदीसाठी इतका आरडाओरडा करणाऱ्या मी गुपचूप त्याच यंत्राकडून 'आपल्या परिसरातील मिठागरे' असा एक कागद लिहून घेतला, न वाचता छापला आणि नववीला वाटला. त्यात लिहिले होते की मिठाची काढणी जुलै-ऑगस्टमध्ये होते. खाडीकाठी जन्म काढलेला मी! चाचणीत सायली पाटील या मुलीने 'उन्हाळ्यात' असे लिहिले. मी गुण कापला. तिने उठून सांगितले की आमचे आजोबा मिठागरावर कामाला होते, ते असेच सांगतात. छापलेले खरे की तुझे आजोबा, असे मी सर्वांसमोर विचारले. ती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. मी खरे ते सांगून टाकले. त्या रागावल्या नाहीत. मला घेऊन थेट पाटलांच्या घरी गेल्या. म्हातारबाबांनी कागद ऐकला आणि बाईंकडे बघून म्हणाले, "पावसान मीठ कोन काढतं गो बाय?" बाई हसल्या. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले.

परतताना मी विनवले की छपाईची चूक म्हणून दुसरा कागद वाटतो. खरे सांगितले तर पुन्हा त्या वर्गासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? बाई चालता चालता थांबल्या.

"सर, यंत्र कसे वापरायचे ते मी मुलांना शिकवीन. पण चुकलो असे कसे म्हणायचे, ते त्यांना कोण शिकवणार? ते तुम्हीच करू शकता, कारण तुम्ही चुकला आहात."

आज बाई डोंबिवली-कल्याणच्या शाळांमधून शिक्षकांना हेच शिकवत हिंडतात. निवृत्तीनंतर खोपटला राहायला गेल्या, पण घरी सापडतील तर शपथ. त्यांच्याकडून शिकून आलेले शिक्षक यंत्राने लिहिलेल्या प्रत्येक कागदाखाली तो तपासणाऱ्या माणसाचे नाव घालतात. आपल्या कळव्याची बाई हे करते, याचा मला केवढा अभिमान वाटतो म्हणून सांगू!

त्या दिवशी पाटलांकडून परतल्यावर मी वर्गात गेलो. कागद मी लिहिलेला नव्हता, यंत्राने लिहिला होता आणि मी वाचलासुद्धा नव्हता, हे सांगितले. सायलीची माफी मागितली, गुण परत दिला. आता हसतील, म्हणून मी मान खाली घातली. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली.

"सर, माझा निबंधपण मी नाही लिहिलेला."

मग तिच्या मागचा मुलगा उठला. मग आणखी एक. बघता बघता अर्धा वर्ग उभा होता, आणि दारात उभ्या असलेल्या बाई पदराने डोळे पुसत होत्या.

म्हात्रे बाईंना साठीनंतरची भरपूर, धडधाकट वर्षे लाभोत. अजून पुष्कळ वर्गांत त्यांना मागच्या बाकावर बसायचे आहे.