चौमासातला दानशूर

"फोटोवाला आला का?"

कोणाला काही द्यायचं असलं की टेंटवाले भैया आधी हेच विचारायचे. मग सफारीच्या खिशातून कंगवा काढून भांग नीट करायचे. वस्तू मात्र पुरती सोडायचे नाहीत. एक टोक त्यांच्या हातात, एक टोक गरिबाच्या, आणि तोंड कॅमेऱ्याकडं. असले दाते तुम्हीही पाहिले असतील.

आमच्या घराला त्यांची ओळख जुनी. बाबा रायपूरजवळ उरल्याच्या लोखंडी रोलिंग मिलमध्ये होते. काम कधी असायचं, कधी नसायचं. भैयांचं टेंट हाउस लग्नांना मांडव आणि भांडी भाड्यानं द्यायचं, म्हणून आई लग्नसराईत त्यांच्या कढया घासायची. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, सगळ्याच बाया घासायच्या. राखेनं आईची बोटं अशी फुटायची की पीठ मळताना ती तोंड फिरवून घ्यायची. त्या बोटांवर मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली. हे मी कुठंही सांगते, इथंही सांगते.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि भैयांना मंत्र्यांचं वेड लागलं. पूर्वी त्यांचं नगरसेवकावर भागायचं. त्यातच एका भादव्यात नाल्याला पूर आला आणि आमच्या मातीच्या भिंती बसल्या. भैयांनी मैदानात मांडव टाकून दिला. काय मांडव! लाल मखमल, सोनेरी झालर, नवरा-नवरीचं सिंहासनसुद्धा. चौमासात लग्नं नसतात. सामान गोदामात कुजतच होतं. घर गेलेली माणसं आम्ही, वऱ्हाडी होऊन झोपलो.

पहिल्या दिवशी खिचडी शिजली, पण वाढायची नाही. मंत्रीजी येऊन पहिला डाव वाढणार होते. पोरं रडायला लागली.

"भैया, काहून थांबून राह्यले?" आईनं विचारलं.

"थांबा ना बाई थोडं. अपना आदमी समजा मले."

मंत्री आलेच नाहीत. आईनं सरळ कढईवरचं झाकण काढलं आणि वाढायला लागली. भैया मांडीवर हार घेऊन सिंहासनावर एकटेच बसले होते. सगळ्यांचं झाल्यावर आईनं त्यांच्याही हातात पत्तल दिली. ते खाली मान घालून जेवले, बोटं चाटून. सकाळपासून उपाशीच होते. मला त्यांची कीव आली, क्षणभर. क्षणभरच.

कारण देवउठनी, म्हणजे कार्तिकी एकादशी, जवळ आली तसे ते ट्रक घेऊन हजर. देवउठनीपासून लग्नं लागतात. आमच्या भिंती तेव्हा कमरेइतक्या.

"आता सामान लागते ना मले. इतके दिवस फुकट ठेवलं, याद ठेवजा!"

"न्या ना," आई म्हणाली. "पण या साली कढया तुम्हीच घासजा."

भैया हसले. "रायपुरात बायांची कमी हाय काय?"

"मग आणा."

ते दुसऱ्या पाऱ्यात गेले, तिसऱ्यात गेले. तिथं आमच्याच कोणाची नणंद, कोणाची जाऊ, कोणाची मावशी. आईचा निरोप भैयांच्या आधी पोचलेला. "हव भैया, पहले उनका घर," एवढंच ऐकून ते परत आले.

दुसऱ्या दिवशी त्याच ट्रकमधून विटा आल्या, टिनाचे पत्रे आले. मांडव बांधणारी त्यांची माणसं आमच्या भिंतींना लागली. भैया स्वतः सफारीत, चिखलात उभे राहून ओरडत होते, "हात चालवा रे, सीझन आला!" खरी मदत काय ती ही. आणि त्या दिवसांत त्यांना फोटोवाल्याची एकदाही आठवण झाली नाही.

यंदा भैया गेले. शोकसभा त्यांच्याच मांडवात झाली. "बाढ़ में पूरा पारा बसाया भैया ने," एक पुढारी माइकवर सांगत होता. मागं पुरातला मोठा फोटो लावलेला: चादरीचं एक टोक भैयांच्या हातात, दुसरं आईच्या. भैया कॅमेऱ्याकडं बघून हसत आहेत. आई चादर ओढते आहे.

पारा बसला तो असा: देवउठनीच्या आदल्या दिवशी शेवटच्या घरावर पत्रा चढला. मग आईनं कढया घासायला घेतल्या.