दाजींचं पुढचं चाक

फोन आला तेव्हा मी मंचरला एका सायकलच्या दुकानात ब्रेकच्या रबरांवरून वाद घालत होतो. दांडीच्या ब्रेकची रबरं आता कोण ठेवतं, असं दुकानदाराचं म्हणणं. ठेवत नसाल तर पाटीवर तसल्या सायकलचं चित्र कशाला काढलंय, असं माझं. तेवढ्यात भाच्याचा, प्रशांतचा फोन आला. हायवेच्या गाड्यांच्या आवाजात आधी नीट कळलंच नाही, मग कळलं. दाजी सकाळचा चहा घेऊन ओट्यावर बसले होते, ते तिथेच भिंतीला मान टेकून गेले. मी फोन खिशात ठेवला आणि दुकानदाराला म्हणालो, ‘बरं, जी असतील ती द्या.’ ज्यांच्या सायकलसाठी रबरं घेत होतो तेच उरले नाहीत, हे डोक्यात शिरायला पुडकं हातात पडावं लागलं. ते तसंच शर्टाच्या खिशात घालून मी दाजींचं गाव, निरगुडसर गाठलं. सरण पेटेपर्यंत ते मला छातीशी टोचत होतं. पुढे बायकोने तो शर्ट रबरांसकट धुतला. ह्या सगळ्याला महिना उलटून गेला, पण मला अजून एका जागी बसवत नाही. लिहायला बसतो आणि मध्येच उठून अंगणात चक्कर मारून येतो. आत्ताही हे वाक्य लिहून एकदा उठलोच होतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नाव बबनराव, पण मी लहान असल्यापासून ते ‘दाजी’च, आणि मी त्यांचा ‘पावणं’. मेव्हण्याची फिरकी घेणं हा त्यांना लग्नात मिळालेला हक्क होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत वापरला. त्यांच्याकडे काळी, उंच, दांडीच्या ब्रेकची सायकल होती. सगळ्या गावाने मोटारसायकली घेतल्या तरी हे सायकलवरच. ट्रॅक्टर चालवायचे, पण मोटारसायकल शिकले नाहीत. दुसऱ्याच्या मागे बसायचं तर त्यांना भयंकर वावडं. ‘मागं बसला की माणसाची गोणी व्हती,’ म्हणायचे. ‘उतरवील तिथं उतरायचं, उचलील तवा चढायचं.’

ही सायकल रोज दुपारी एकाच ठिकाणी जायची. कालव्याच्या कडेने पलीकडच्या गावच्या मळ्यात त्यांची थोरली बहीण राहते, सोनाबाई. आई लवकर गेली, तेव्हा ह्या बहिणीनेच त्यांना कडेवर वाढवलं. आता त्या डोळ्यांनी अधू आहेत. मुलगा चाकणला कंपनीत, त्यामुळे दिवसभर घरात एकट्या. दाजी जायचे, चहा प्यायचे, थोडं भांडायचे आणि दिवस मावळायच्या आत परत निघायचे. कालव्याच्या दोन्ही अंगाला ऊस, आणि उसात बिबट्या. आमच्याकडे हल्ली घड्याळापेक्षा बिबट्याच जास्त पाळला जातो. मी एकदा विचारलं, रोज रोज काय बोलता तुम्ही दोघं? दाजी म्हणाले, ‘बोलत कुठं आसतो? ती वराडती, मी चा पितो.’

मग दाजींच्या छातीत कळ आली. पुण्याला नेलं, स्टेंट बसवला, आणि घरी आले तर सायकल गोठ्याच्या आढ्याला दोरीने टांगलेली. हे प्रशांतचं काम. पोरगा गुणी आहे, पण काळजी करायला लागला की कुलपंच लावत सुटतो. ‘आत्याकडं जायचं तर मी सोडीन,’ तो म्हणाला. दाजी एकदा गेले त्याच्या मागे बसून. परत आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. त्यानंतर जाणंच बंद. ओट्यावरून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून ओट्यापर्यंत नुसत्या येरझारा. मध्येच थांबून वर आढ्याकडे बघायचे. अक्का मला फोनवर म्हणाली, ‘आरं, बैल खुट्याला बांधल्यावानी फिरत्यात. तू कायतरी कर.’

‘तू कायतरी कर’ हे मला कुणी म्हणू नये. मी जन्मभर साखर कारखान्यात हजेऱ्या लावल्या. पाना आणि माझा संबंध खायच्या पानापुरता. पण मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. सायकलच्या चाकातच, मधल्या हबमध्ये मोटर बसवलेली असते. जुनं चाक काढायचं, हे घालायचं, बॅटरी दांडीला बांधायची, हँडलची मूठ पिळली की सायकल चालली. व्हिडिओतला माणूस हे काम चहा निवायच्या आत उरकत होता. मी दाजींच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चढाला मोटर लावू दे, सपाटीला सावकाश पायडल मारू दे, चांगलंच आहे. पण दमायला लागले तर मला लगेच दाखवायचं. हे ऐकून प्रशांत नाइलाजाने कबूल झाला, पण अट घालून. एकदा जरी दादांना, म्हणजे दाजींना, त्रास झाला, तरी सायकल परत आढ्याला.

किट आलं ते बारक्या सायकलचं. व्हिडिओतली सायकल बारकी होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दाजींनी ते चाक त्यांच्या चाकाशेजारी उभं केलं, दोन्हींकडे बघितलं आणि म्हणाले, ‘पावणं, माप घ्यायचं आसतं. आमी तुमची बहीन करताना बी घेतलं नव्हतं, पर ती बसली.’ अक्का आतून काहीतरी म्हणाली, ते इथे लिहिता येणार नाही. ते परत पाठवून मोठं मागवलं. ते आल्यावर मी अंगणात गोणपाट अंथरलं आणि शस्त्रक्रियेला बसलो. मोटरचा आस पुढच्या चिमट्यात शिरेना, म्हणून पहारीने चिमटा फाकवला. जरा जास्त फाकला, म्हणून हातोडीने परत जवळ आणला. आस तिथल्या तिथे फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी आली होती. ती कशाला, हे कळलं नाही, म्हणून मी ती अक्काला पोळपाटाखाली ठेवायला देऊन टाकली. संध्याकाळी मदतीला बोलावलेल्या गावातल्या वेल्डरने ती परत मागून घेतली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चहा आणायच्या निमित्ताने आत गेलो.

एवढं करून दाजी बसले, मूठ पिळली, आणि सायकल मागे निघाली. मी चाक उलट्या बाजूने बसवलं होतं. दाजी पाय टेकवत, ‘हो, हो’ करत, बैलाला आवरावं तसे मागे मागे गेले आणि उकिरड्याला टेकले. तिथेच बसून राहिले, उतरले नाहीत. मग अगदी शांतपणे म्हणाले, ‘राव, तुमच्या घरची वस्तू दिसती. पुढं जा म्हनलं की मागं.’ त्यांना हसताना मी दवाखान्यानंतर तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

चाक सरळ केलं. आता नवं वाहन म्हटल्यावर पूजा आली. अक्काने हार घातला, हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ ती जमिनीवर फोडणार होती. पण ट्रॅक्टर आणला तेव्हा पुढच्या लोखंडावर फोडला होता, मग सायकलने काय पाप केलं, असं म्हणून मी तो हँडलवर फोडला. सगळं पाणी मुठीत आणि मुठीखालच्या वायरींच्या डबीत गेलं. सायकल घोडीवर उभी होती. तिने एक हिसका दिला, घोडी सोडली आणि हारासकट एकटीच निघाली. अंगण ओलांडून मेथीच्या वाफ्यात जाऊन आडवी झाली, तरी चाक फिरतच होतं. अक्काने हात जोडले. ‘पावली,’ ती म्हणाली. प्रशांत दोरी आणायला गोठ्याकडे निघाला. दाजी त्याच्या आडवे उभे राहिले. बाप-लेकात मोठ्याने बोलणं त्या घरात नव्हतंच. दाजी एवढंच म्हणाले, ‘माझ्या आंगाला काय लागलं का? न्हाई ना? मग?’ अटीप्रमाणे ते खरंच होतं. प्रशांतने दोरी ठेवली.

ती डबी आणि मूठ आठवडाभर गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत होती. अक्का दोन्हींवरचे कावळे हाकलायची. मग एका दुपारी सायकल चालली... सरळ, पुढे, मूठ पिळू तेवढीच. दाजींनी टोपी घातली, मागे वळून पाहिलंही नाही आणि कालव्याकडे गेले. आम्ही सगळे रस्त्यावर उभे. ऊन कललं, तसा प्रशांत गाडीची किल्ली हातात घेऊन फिरायला लागला. मीही फिरत होतो. दोघे समोरासमोर आलो की एकमेकांना बाजू देत होतो. दिवस उसाच्या शेंड्याला टेकला आणि दाजी दिसले. ताठ बसलेले, पायडलवर पाय सावकाश फिरतोय. उतरून म्हणाले, ‘बाई म्हनली, खोटं बोलतो, कुनीतरी आनून सोडलं आसंल. मंग तिच्या दारात तीन फेऱ्या मारून दावल्या.’

त्यानंतर वर्षभर, अगदी आदल्या दिवसापर्यंत ते रोज गेले. मी भेटायला गेलो की घरी नसायचेच. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. शेवटी भेटले तेही असेच, कालव्याच्या पुलावर. मी गाडी थांबवली. ते थांबले नाहीत, नुसता हात केला आणि ओरडून म्हणाले, ‘मागची रबरं आना पावणं, थांबत न्हाई आता.’ मी हसलो होतो.

तेरावा झाला. सायकल ओट्याशी उभी. तिचं काय करायचं, हे कुणी बोलेना. प्रशांत तिच्याकडे बघतही नव्हता. मला तिथे बसवेना, म्हणून एक दिवस दुपारी मी तीच काढली. बॅटरीवर अजून दिवे पेटत होते. दाजींनी भरलेला करंट होता तो. सोनाबाईंकडे जायचं एवढंच ठरवलं, तिथे काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. सपाटीला पायडल मारायचं असतं हे मला तोंडपाठ आहे. मी एकदाही मारलं नाही.

सोनाबाई दारातच बसल्या होत्या. कोण आलंय ते मी सांगितलं. त्या उठल्या, चाचपडत पुढे आल्या. मला वाटलं, आता गळ्यात पडून रडतील, आणि मी तशी तयारीही केली. पण त्या माझ्यापाशी न थांबता वाकल्या आणि पुढच्या चाकाच्या मधोमध, मोटरवर तळहात ठेवला. लेकराला ताप आहे का बघतात, तसा.

‘तू बी पायडल मारत न्हाईस,’ त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच सांगितलं. दाजी आले की त्या रोज हे चाक चाचपायच्या. सुरुवातीला नुसतं कोमट लागायचं. म्हणजे गडी स्वतः पायडल मारत आलाय. गौरी-गणपती झाले तसं रोज जरा जास्त तापलेलं लागायला लागलं. दिवाळीनंतर तर चटका बसायचा.

‘मी वळखलं व्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘त्याच्यात राम ऱ्हायला नव्हता.’

माझा आवाज चढला. म्हटलं, बाई, मग कुणाला तरी बोलायचं होतं. प्रशांतला सांगायचं, मला सांगायचं. डॉक्टरांनी एवढं बजावलं होतं.

त्या पुन्हा दारात बसल्या. पदर सारखा केला. ‘मी त्याला म्हनलं, सांगू का घरी? तर म्हनला, सांग. पर मग ती सायकल वर टांगतील आन् मी खाली बसून ऱ्हाईन. किती दीस आसंल ते आसंल, तुला चालंल का?’ त्यांनी आतून चहा आणून माझ्या हातात दिला. ‘मला न्हाई चाललं. घे, चा पी.’

चहा प्यालो. भांडायला कुणी नव्हतं, म्हणून त्या माझ्यावर थोड्या ओरडल्या. साखर पुरे का ते मी सांगितलं नाही, यावरून. हे सगळं मी अक्काला आणि प्रशांतला अजून सांगितलेलं नाही. आता वाचतील. रागावतील, माझ्यावर आणि बाईंवरही. रागावू दे. रागाने का होईना, प्रशांत एकदा त्या मळ्यात जाईल.

सायकल सध्या मीच वापरतो. आठवड्यातून दोन-तीनदा मंचरहून निरगुडसरला जातो, ओट्यावरून ती काढतो आणि कालव्याने निघतो. पायडल मारायचं दर वेळी ठरवतो. चढ आला की मूठ पिळतो आणि सपाटीला सोडायचं विसरतो. मग बाईंच्या वळणाअलीकडे थांबतो आणि बाटलीतलं पाणी मोटरवर ओततो. फडक्याने पुसून कोरडी करतो. चाक गार लागलं की बाई म्हणतात, ‘सुधारलास.’ मी मान डोलावतो. परवा असंच पाणी ओतताना हात थांबला. ही लबाडी मला पहिल्याच आठवड्यात सुचली. दाजी माझ्यापेक्षा दसपट लबाड होते, आणि कालवा रस्त्याला लागूनच वाहतो. त्यांनी एकदाही चाक गार केलं नाही. रोज तसंच तापलेलं घेऊन गेले आणि बहिणीच्या हाताखाली उभं केलं.