डोलीचा आकडा आणि माझं वजन

आधी चहाचा घोट गिळा बघू! हा किस्सा ऐकताना एकाला असा ठसका लागला होता की त्याची पाठ मलाच चोळावी लागली. मी माती खाल्ली ती खाल्लीच, पण तेव्हा माझी भीतीनं गाळण उडाली होती, एवढं हसताना ध्यानात असू द्या.

जव्हार संस्थानात मी देवी टोचत फिरायचो. लोक डॉक्टर म्हणायचे आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. मोखाड्याच्या अंगाला डोंगरमाथ्यावर एक पाडा होता. टोचायला जायचं, आठवड्यानं फोडी बघायला पुन्हा जायचं. वर गाडी जात नसे आणि घोड्यावर मी बसत नसे. मग डोली! बांबूचा जाड दांडा, त्याला मधोमध लोखंडी आकडा, आकड्याला टांगलेली वेताची खुर्ची. दांडा चौघांच्या खांद्यावर, खुर्चीत मी. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला... जाऊ द्या, त्या दरीचं नावही नको. मी आपला डोळे मिटून बसायचो.

एकदा चढणीवर डोक्याच्या वर आवाज आला. कुंईऽऽ!

पाऊल पडलं की कुंई. पुढचं पाऊल पडलं, पुन्हा कुंई!

"लहानू, काय रे वाजतंय?" लहानू म्हणजे डोलीवाल्यांचा म्होरक्या.

"काय नाय साहेब, आकडा वाजतं. तुमी बसलं का वाजतं."

संपलं! तुम्ही बसलात की वाजतं! म्हणजे काय? याच आकड्यानं मला इतके दिवस मुकाट्यानं वाहिलं. लोखंड काही बदलत नाही. मग बदललं कोण? मी! आदल्याच दिवशी माझ्या कोटाचं बटण तुटून थेट आमटीत पडलं होतं, आणि आमची ही म्हणाली होती, "शिंप्याला बोल लावू नका हो. त्यानं मापानंच शिवलाय."

आकडा बदलावा, हे डोक्यात आलंच नाही बघा. आणि पायी जावं, तर डॉक्टरचा मान जातो! मग राहिला एकच उपाय. उपास!

पाड्याचा कारभारी काशिराम दर वेळी माझ्यासाठी नाचणीची गरम भाकरी आणि उडदाची आमटी ठेवायचा. त्या दिवशी मी हात जोडले. "नको."

"पानी तरी घ्या."

"अजिबात नको!" पाण्याला का वजन नसतं?

पुढच्या खेपेला घरूनच उपाशी निघालो. औषधांची पेटी लहानूच्या डोक्यावर दिली. बूट काढून पेटीवर ठेवले. छत्री दिली. कुंई काही थांबेना, उलट त्यात आता एक बारीक कट्‌ मिसळलं. कुंई-कट्‌! मी वर आकड्याकडे डोळे लावून रामरक्षा म्हणत होतो. पाड्यावर पोचलो तेव्हा घामानं चिंब, ओठ कोरडे, चेहरा पांढराफटक. काशिरामनं तांब्या पुढं केला, तर मी साप बघावा तसा मागं सरकलो.

आता त्यांच्या बाजूनं विचार करा. नेहमी दोन भाकऱ्या हाणणारा डॉक्टर तुमच्या पाण्याला शिवत नाही, थरथरतो, देवाचं नाव घेतो. तुम्हाला काय वाटेल?

तिसऱ्या खेपेला मी वर पोचलो तो पाड्यावर चिटपाखरू नाही! चुली गार. दारं लावलेली. एक बाई डोक्यावर मडकी, काखेत कोंबडी घेऊन रानाकडे पळत होती. काशिराम तेवढा अंगणात उभा होता.

"काशिराम, लोक कुठं गेले?"

"रानात गेलं. पटकी आली ना."

पटकी! सकाळी जुलाब सुरू झाले की संध्याकाळी माणूस गार! "कधी आली?"

"तुमालाच ठावं साहेब!"

मला वाटलं, हा माझ्या टोचण्याला दोष देतोय. कसली विचारपूस आणि कसल्या फोडी! मी खुर्चीत उडी मारली. "लहानू, उचल! पळा!"

चौघं उतारावर धावत सुटले. कुंई-कट्‌, कुंई-कट्‌, कुंई-कट्‌... कडाड्‌!

खुर्चीसकट मी घसरत दरीकडे निघालो. मेलो! हिचा चेहरा डोळ्यांपुढं आला. तेवढ्यात कारवीच्या जाळीत खुर्ची अडकली. पाय बाहेर लोंबत होते आणि पायांखाली नुसतं धुकं. आणि आमचे डोलीवाले? दांडा हलका झाल्यावर ते चौघं दुप्पट जोरानं पळाले हो! माझी बोंब ऐकून परत आले, पागोटं टाकून मला ओढून काढलं.

लहानूनं मोडका आकडा माझ्या हातात दिला. मोडलेल्या जागी बहुतेक भाग काळा, गंजलेला, जुना. फक्त एक चिंचोळी कोर चांदीसारखी लखलखत होती. तेव्हा उजेड पडला. तार खालीवर वाकवत राहिलं की तुटते ना, तसंच हे. दोष माझ्या वजनाचा नव्हता. पण पावलागणिक हिसका बसत होता, बारीकशी चीर पडली होती, ती आतल्या आत वाढत गेली होती. शेवटी त्या कोरेवर मी लोंबत होतो! लोखंड थकलं होतं आणि उपाशी मी मरत होतो.

एवढ्यात काशिराम धापा टाकत आला. "आमच्यात कोनी आजारी नाय. तुमी पान्याला शिवत नवतं म्हनून लोक पळालं. मंग पटकी नाय?"

"नाही रे बाबा!"

"तर तुमी जेवत का नवतं?"

सांगितलं. दुसरं काय करणार? तो हसला नाही, तेच फार झोंबलं. म्हणाला, "लोकांना माज्या सांगण्यावर भरवसा नाय यायचा. त्यांना तुमी खाताना दिसाया पायजे."

मग रानातून एकेक घर परत आलं आणि एकेका दारात बसून मला भाकरी खावी लागली, वर तांब्याभर पाणी! एक घर सोडलं असतं, तर ते घर पुन्हा रानात गेलं असतं. शेवटच्या दारात मी नुसता डोळ्यांनी 'पुरे' म्हणत होतो.

तोवर डोलीवाल्यांनी खुर्ची दांड्याला जाड दोरानं पक्की बांधली. मी बसलो. चौघांनी दांडा खांद्यावर घेतला, एक पाऊल टाकलं आणि हळूच खाली ठेवला.

"काय झालं? दोर तुटतोय?"

"दोर चांगला हाय, साहेब," लहानू खांदा चोळत म्हणाला. "आता तुमीच जड झालं. चालतच उतरा."