अकरा फाटकं आणि एक बारसं

कर्वेनगरातल्या आमच्या गल्लीत एका रांगेत अकरा सोसायट्या, आणि दर फाटकावर एक वॉचमन. आम्ही बहुतेक जण विदर्भातले. दिवाळीला सगळ्यांनाच गावी जायचं असतं. मागच्या वर्षी मोबाईलच्या ग्रुपवर ठरवायला गेलो. ढीगभर मेसेज, पणत्यांची चित्रं, आणि शेवटी सलग तीन फाटकांवर कोणीच नाही. बोलणी मी खाल्ली, कारण सगळ्यांत जुना मी.

यंदा मी नियम घातला. चौथी शिकलेल्या माणसाचा असला तरी नियम तो नियम. ग्रुपवर बोलायचं नाही, फक्त डावी-उजवीकडच्या शेजाऱ्याला विचारायचं. दोघांपेक्षा जो नोकरीत नवा, त्याने थांबायचं. त्याचे दोन्ही शेजारी सुटले, त्यांची फाटकं तो बघणार. मग उरलेल्यांनी आपसांत पुन्हा तसंच.

मला वर्ध्याला लेकीकडे नातीच्या बारशाला जायचं होतं. सगळ्यांत जुना म्हणजे मी सुटणारच, असं धरून तिकीटही काढलं होतं.

चहा संपेस्तोवर निकाल लागला. सहा सुटले, पाच अडकले. पाचवा मी. माझे दोन्ही शेजारी त्यांच्या पलीकडच्यांमुळे सुटले, मधे मी एकटा राहिलो, माझं फाटक बघायला शेजारी कोणीच नाही.

डावीकडचा म्हणाला, "काका, तुम्ही जा. मी थांबतो."

"नियम कोणाचा?"

"तुमचाच."

"मग पिशवी उचल."

आमच्या सोसायटीत कॉम्प्युटर शिकणारी एक मुलगी भाड्याने राहते. तिने कागदावर अकरा ठिपके काढले. "आजोबा, चारच जणांत भागलं असतं. डावीकडचे थांबले असते तर तुम्ही सुटला असता."

"हे तुला कसं दिसलं?"

"अकराही समोर मांडले ना."

"मला दोनच दिसतात."

ती हसली. "आम्हाला हेच शिकवतात. प्रत्येक कॉम्प्युटरने आपल्या शेजाऱ्यापुरतं बघायचं. उत्तर सगळ्यांत चांगलं येत नाही, पण फार वाईटही येत नाही."

"फी किती घेतात याची?"

बारसं फोनवर पाहिलं. आत्याने नातीच्या कानात नाव सांगितलं तेव्हा माझा एक डोळा फोनवर, दुसरा डावीकडच्या फाटकावर. लेक म्हणाली, "बाबा, तिकडे काय बघताय?"

पुढच्या दिवाळीला शेजाऱ्याच्या शेजाऱ्यालाही विचारून मगच ठरवायचं, असं मनात आहे. त्या मुलीला मात्र सांगितलेलं नाही.