पाटावरची रिकामी जागा

झेंडू आणि कटिंग ऑइलचा वास एकत्र आला की अजून माझी नजर पाटाच्या मधोमध जाते. आज सातपूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीचे हार घालताना तसंच झालं.

कित्येक वर्षांपूर्वीची खंडेनवमी आठवली. मशिनी पुसून बंद ठेवलेल्या, पुढे पाटावर सगळ्यांची हत्यारं पूजेला मांडलेली. मधला मान माझ्या पार्टनरच्या, भास्करच्या मायक्रोमीटरचा, केसाएवढी जाडीही मोजणाऱ्या त्याच्या मापाचा. लेथ, म्हणजे धातू कापायचं मशीन, तो सांभाळायचा, गिऱ्हाईकं मी. त्या दिवशी ती मधली जागा रिकामी होती.

"भास्कर, मायक्रोमीटर कुठाय?"

"बॅगेत आहे. उद्यापासून मी येत नाही रे. अंबडला मेहुण्याबरोबर स्वतःचं सुरू करतोय."

नारळ माझ्या हातात तसाच राहिला. एरवी ओरडल्याशिवाय काही ऐकू न येणाऱ्या त्या शेडमध्ये मला माझाच श्वास ऐकू येत होता.

"सणाच्या दिवशी? दुसरा दिवस नाही सापडला तुला?"

माझ्या हातातला नारळ घेऊन त्याने फोडला, सगळ्यांना प्रसाद दिला आणि गेला.

दसरा झाल्यावर लेथवर मीच उभा राहिलो. जॉब, म्हणजे घडवायला लावलेले तुकडे, बिघडवत शिकलो, वर्कशॉप चालू ठेवलं. त्या दिवसाचा राग मात्र गेला नाही.

मग एकदा एक कारागीर भर कामात सोडून गेला. लेथवर अर्धा कापलेला जॉब तसाच होता. तो बघताना एकदम लख्ख दिसलं. भास्करने वर्षातला तो एकच दिवस निवडला होता, जेव्हा आमच्या एकाही मशीनवर अर्धवट काम नसतं.