फर्नां केनोंचा पत्ता

फर्नां केनोंने आयुष्यात अकरा वर्षं पोलादाच्या कारखान्यात काम केलं आणि एकोणीस वर्षं एकटं राहण्याचं. दुसरं काम त्याला जास्त चांगलं जमलं.

कारखाना बंद पडला तेव्हा तो पस्तिशीचा होता. आमच्या गल्लीतले बहुतेक पुरुष त्याच वर्षी घरी बसले. माझा नवराही बसला, पण तो निदान लोकांच्या भिंती रंगवायला शिकला. फर्नांने एवढंच शिकून घेतलं की बेकारभत्ता एकट्या माणसाला जास्त मिळतो आणि बाईबरोबर एका छपराखाली राहणाऱ्याला कमी. तो राहत होता जोझियानबरोबर, माझ्या भिंतीला भिंत लागून. घर तिचं, आईकडून आलेलं. ती शर्टांच्या कारखान्यात शिवायची, तोही बंद पडला होता. म्हणजे भत्ता तिलाही.

"कागदावर मी दुसरीकडे राहतो," फर्नांने जाहीर केलं. "आपलं काय बिघडतं?"

नाक्यावरच्या बटाट्याच्या फ्राइजच्या दुकानावर एक माळा होता. दुकानदारीण झिनेत एका खोलीवर चार नावं लावून चार जणांकडून भाडं घ्यायची, आणि प्रत्येकाला वाटायचं की तिने आपल्यावर उपकार केले. फर्नां त्या चारांहून शहाणा. त्याने झिनेतला दोन पैसे जास्त मोजून मागची खोली एकट्यासाठी घेतली, कारण त्याला माहीत होतं की वस्तीचा पोलीस तपासायला येतो. आमच्याकडे पत्ता बदलला की तो येतोच. घंटा वाजवतो, खोली बघतो, फ्रिज उघडतो, आणि माणूस इथं खरंच झोपतो का ते नगरपालिकेच्या नोंदवहीसाठी लिहून नेतो.

फर्नां तिथं रोज सकाळी जायचा, नोकरीला जावं तसा. दात घासून ब्रश ओला ठेवायचा. पांघरूण विस्कटायचा. एक कप कॉफी करून अर्धा प्यायचा आणि अर्धा तसाच टेबलावर सोडून यायचा. मग अकरा वाजता जोझियानकडे परत, सूप तयार आहे का बघायला.

"आज उशी दोन्ही बाजूंनी दाबली," तो मला एकदा कुंपणावरून अभिमानाने म्हणाला. "एकाच बाजूला खळगा असला तर संशय येतो."

"आणि एवढ्या वेळात काम शोधलं असतंस तर?"

"लिलियान, तुला यातली मेहनत कळायची नाही."

नोंदवहीवर विश्वास ठेवायचा तर आमच्या गल्लीत चौदा घरं आणि त्यांत नऊ एकट्या बायका. पुरुष सगळे माळ्यांवर, गॅरेजांमागे, कुणाच्या तरी मावशीच्या तळघरात. सरकार हे आकडे मोजून म्हणत असणार की या प्रांतात कुटुंबं फार मोडतात. एकही मोडलं नव्हतं. रविवारी नऊच्या नऊ घरांतून सशाच्या रश्श्याचा वास यायचा आणि एकटी बाई अख्खा ससा शिजवत नाही.

वस्तीचा पोलीस विल्मार. चांगला माणूस, गुडघे दुखायचे त्याचे. एकोणीस वर्षांत तो सात वेळा माळ्यावर चढला. दर वेळी उतरून आमच्या दारांवरही विचारायचा.

"बाई, शेजारच्या घरात कोणी पुरुष राहतो का?"

"मला नाही माहीत, साहेब."

मी हे उत्तर देताना खिडक्या पुसत असायची. पलीकडची ओर्तांसही तेच सांगायची. समोरचा म्हातारा ओमेर बहिरा असल्याचं सोंग करायचा, आणि विल्मार त्याच्याशी मोठ्याने बोलायचं सोंग करायचा. कोणी कोणाला फसवत नव्हतं. सगळे मिळून एका कागदाला फसवत होतो आणि त्यात आम्हाला फार हुशारी वाटायची.

मार्चमध्ये जोझियान मागच्या धुण्याच्या खोलीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. वय सत्तावन्न. रुग्णवाहिकेमागून फर्नां माझ्या नवऱ्याच्या गाडीतून गेला, मीही होते. दवाखान्यात खिडकीमागच्या मुलीने कागद पुढे ओढला.

"तुम्ही बाईंचे कोण?"

फर्नांने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. माझ्याकडे बघायचं टाळलं.

"शेजारी," तो म्हणाला.

"घरात त्यांच्याबरोबर कोण असतं?"

"कोणी नाही. एकटीच राहते ती."

जोझियान दोन हातांच्या अंतरावर स्ट्रेचरवर होती. तिचे डोळे उघडे होते.

"अरे, दवाखान्याचा कागद नोंदवहीत थोडाच जातो!" मी त्याला बाहेर आल्यावर म्हटलं.

"तुला काय माहीत? आजकाल सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात."

कॉम्प्युटर बोलले की नाही देव जाणे, दवाखान्यातली बाई मात्र बोलली. शस्त्रक्रियेनंतर दहा दिवसांनी ती जोझियानला म्हणाली की तुमच्या घरी जिना आहे, बघायला कोणी नाही, तेव्हा घरी सोडता येणार नाही. तिला पाठवलं टेकडीवरच्या वृद्धाश्रमात. तिथं सगळ्यात तरुण रहिवासी ब्याऐंशीची होती. सात आठवडे जोझियानने संध्याकाळी साडेपाचला पांढरं चीज लावलेला पाव खाल्ला आणि ज्यांना आपलं नाव आठवत नव्हतं त्यांच्याबरोबर सोंगट्या खेळल्या.

फर्नां दर रविवारी जायचा. फुलं नेली नाहीत. पहिल्या रविवारी त्याने विचारलं की वॉशिंग मशीनचं कुठलं बटण दाबायचं. दुसऱ्या रविवारी मळलेले कपडेच पिशवीत भरून नेले, तिथल्या बायका धुतात म्हणून कळलं होतं. नाव विचारलं तर पाहुण्यांच्या वहीत लिहायचा: केनों, शेजारी.

"चांगलं अक्षर आहे तुझं," जोझियान त्याला म्हणाली. मला हे तिनेच सांगितलं. तेव्हा मी हसले. ती हसली नव्हती.

मे महिन्यात ती काठी टेकत घरी आली. तिसऱ्या दिवशी सकाळी फर्नां नेहमीप्रमाणे ब्रश ओला करायला माळ्यावर गेला, आणि परत आला तेव्हा दाराबाहेर त्याच्या दोन सूटकेसा होत्या. कुलूप बदललेलं. जोझियानने वरच्या खिडकीतून मान बाहेर काढली.

"जोझियान, हे काय?"

"शेजाऱ्याचं सामान माझ्याकडे राहिलं होतं."

"ए, चेष्टा पुरे. सूप काय केलंयस?"

"झिनेतकडे विचार. तू तिथं राहतोस."

खिडकी बंद झाली. तो फुटपाथवर उभा राहिला आणि मला वाटलं की आता हा माफी मागेल. मागितली नाही. तो चिडला. एकोणीस वर्षं मी या घरात राहिलोय, छपराची कौलं मी बदललीत (दोन बदलली होती), माझा हक्क आहे, असं सगळ्या गल्लीला ऐकवून तो तडक नगरपालिकेत गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं की आपण जोझियान पोलार्टच्या घरी राहतो. भत्ता गेला तरी चालेल म्हणाला. एकोणीस वर्षांत बाईसाठी जे सोडलं नाही ते त्याने घरासाठी चार ओळींत सोडलं. काउंटरवरच्या मुलीने शिक्का मारला आणि नेहमीचं वाक्य सांगितलं: तपासायला वस्तीचा पोलीस येईल.

विल्मार गुरुवारी आला. त्या दिवशी गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांना एकाच वेळी खिडक्या पुसायची आठवण झाली. फर्नां दारातच उभा होता, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून. शर्ट चुरगळलेला होता, इस्त्री कुठं असते ते त्याला माहीत नव्हतं.

जोझियानने दार उघडलं. "या साहेब, सावकाश बघा."

विल्मार आत गेला. वीस मिनिटं लागली. एक पलंग, एक उशी, एक टॉवेल, सपातांचा एक जोड. मागे धुण्याच्या खोलीत फक्त बाईचे कपडे. तो बाहेर आला आणि त्याने वही बंद केली.

"फर्नां, इथं तू राहत असल्याची एकही खूण नाही."

"तिने काढून टाकल्या! मी इथं एकोणीस वर्षं राहिलो!"

"हे बघ, मी स्वतः सात वेळा लिहिलंय की तू माळ्यावर राहतोस. कॉफीचा अर्धा कप बघून लिहिलंय. आता मी काय लिहू, की सात वेळा मी गाढव होतो?"

"शेजाऱ्यांना विचारा! लिलियान, सांग यांना! तुझ्या भिंतीपलीकडे माझं घोरणं ऐकलंयस की नाही तू?"

विल्मार माझ्याकडे वळला. त्याने विचारलंही नीट, अगदी नेहमीच्या शब्दांत. "बाई, शेजारच्या घरात कोणी पुरुष राहतो का?"

मी जोझियानकडे बघितलं. ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती, आणि चेहऱ्यावर विनवणी वगैरे काही नव्हती. फर्नांचं घोरणं मी रात्रीमागून रात्री ऐकलं होतं. भिंत एका विटेची आहे.

"मला नाही माहीत, साहेब."

ओर्तांस म्हणाली, तिलाही माहीत नाही. ओमेरने कानाला हात लावला.

फर्नांच्या तोंडाचा आ तसाच राहिला. इतकी वर्षं आम्ही त्याच्यासाठी खोटं बोललो त्याचं त्याला कधी नवल वाटलं नव्हतं. तो सूटकेसा उचलून माळ्यावर गेला. आता तिथं तो खरोखरच एकटा राहतो, फ्राइज खातो आणि भत्ताही पूर्ण घेतो, कारण त्याचा अर्ज विल्मारने नामंजूर म्हणून लिहिला. कायद्याच्या दृष्टीने काहीच बदललं नाही.

ऑगस्टमध्ये तो मला बेकरीबाहेर भेटला. चार किलो वाढला होता.

"लिलियान, तिला एक सांगशील? मी लग्नाला तयार आहे."

"तयार आहेस! वा."

"थट्टा करू नकोस. मनापासून सांगतोय. तू सांगितलंस तर ती ऐकेल."

मी त्याच संध्याकाळी जोझियानकडे कॉफी प्यायला गेले आणि निरोप दिला. मला वाटलं होतं ती रडेल किंवा शिव्या देईल. तिने माझ्या बशीत साखरेच्या टार्टचा तुकडा ठेवला.

"लग्न केलं तर दोघांचा भत्ता मिळून किती होतो, ते विचारून आलाय का तो?"

मी टार्टचा कोपरा मोडला. त्याने मला कागद दाखवला होता, दोन रकाने आखलेला, खाली दोनदा रेघ मारलेली.

"आलाय ना?"

"आलाय."

"मग त्याला सांग, विचार करते," जोझियान म्हणाली. "एकोणीस वर्षं."