उत्तरेकडचा उतार

फोन आला तेव्हा मी प्रिंटरची रिबन बदलत होते. मंगळवार होता. बोटं काळी झाली होती, म्हणून रिसीव्हर आमच्या ऑफिसच्या साहेबांनी उचलला. 'हो, हो' म्हणता म्हणता त्यांनी माझ्याकडे बघणं थांबवलं. परतवाड्याहून जीपचा ड्रायव्हर शेषराव बोलत होता. बोंडे जीपमध्ये चढतानाच कोसळले आणि गेले.

बोंडे म्हणजे माझे यजमान. आमच्या सर्वेक्षण ऑफिसात ते फील्डवर, मी कॉम्प्युटरवर. तिथं ते मला मॅडम म्हणत आणि मी त्यांना बोंडे. इथंही तेच नाव ठेवते. लिहायला सोपं जातं.

तेराव्याला ऑफिसची मंडळी आली. सांत्वन कुणालाच जमेना, म्हणून एकानं किस्सा सांगितला. मग दुसऱ्यानं. किस्से कुणी जपून ठेवत नाही. कपाटामागे कागद साठावेत तसे साठतात आणि कपाट हलवलं की सगळे एकदम बाहेर येतात.

आमचं काम थोडक्यात सांगते. उपग्रह वर फिरायला लागून दहा वर्षं झालीत. त्याच्या जुन्या-नव्या चित्रांवरून सातपुड्यातलं जंगल किती बदललं ते शोधायचं. बोंडे पायी जाऊन बघणार : इथं साग, इथं बांबू, इथं उघडा खडक. ते नमुने मी मशीनला देणार. त्यावरून शिकून बाकीचा डोंगर मशीननं स्वतः ओळखायचा. बोंडेंना घोर होता तो उत्तरेकडच्या उतारांचा. तिथले नमुने पुरेसे नव्हते, आणि नकाशात जी जागा उजाड ठरेल ती पुढं कागदोपत्री उजाडच राहणार होती. तेवढ्यासाठीच ते त्या शेवटच्या खेपेला परतवाड्याला गेले होते.

*

एकदा दिल्लीचे मोठे पाहुणे आले. उपग्रहाच्या त्या चित्रांत झाडोरा लाल दिसतो. भिंतीवरचा लालभडक सातपुडा बघून पाहुणे हादरलेच.

"इतनी आग?"

"आग नहीं साहब, जंगल है," बोंडे म्हणाले. "जितना लाल, उतना हरा!"

पाहुण्यांनी खुर्ची घेतली आणि पाणी मागितलं.

*

पहिल्या वर्षी मशीननं सगळं दाट जंगल रस्त्याच्या कडेला दाखवलं, आत नुसतं विरळ! तीन दिवस मी माझा प्रोग्रॅम तपासत बसले. बोंडेंनी नमुन्यांच्या जागी नकाशावर टाचण्या लावल्या. सगळ्या टाचण्या डांबरी रस्त्याला चिकटलेल्या. नमुन्याच्या प्रत्येक फॉर्मवर सही बोंडेंचीच.

"काहून गा शेषराव, आपण आत गेलोच नाही?"

"तुमीच म्हणे ना साहेब, चहाची टपरी दिसली का थांबव!"

बोंडे माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, आपण मशीनले जंगल नाही दाखवलं. जीपची खिडकी दाखवली."

त्यानंतर ते रस्ता सोडून चालायला लागले.

*

चिखलदऱ्याच्या पलीकडे एका कड्याला लागून मशीननं भला मोठा तलाव दाखवला. जुन्या कुठल्याच नकाशात तो नव्हता! साहेब खूश. बोंडेंना ताबडतोब रवाना केलं. चार दिवसांनी साहेबांच्या नावे पोस्टकार्ड आलं : 'तलाव पाहिला. कड्यावर उभा आहे. पाणी सांडत नाही. मासे मिळाले नाहीत.'

डोंगराची सावली होती ती. मशीनला पाणी काळं आणि सावलीही काळीच. साहेबांनी कार्डावर आवक क्रमांक टाकला आणि फाइलला लावलं.

*

मग मशीननं सांगितलं, दहा वर्षांत अर्धं जंगल गेलं. साहेबांनी रिपोर्टची पहिली ओळसुद्धा लिहून काढली. बोंडेंनी दोन्ही चित्रं उचलली आणि कोपऱ्यातल्या तारखा वाचल्या.

"साहेब, हे दिवाळीचं आहे आणि हे होळीचं. सागानं पानं टाकली, देह नाही ठेवला!"

त्या दिवशी घरी जेवताना म्हणाले, "तुह्यं मशीन पाठांतर करून राहिलं वं. समजून नाही घेत."

"तुम्ही जेवढं दाखवता तेवढंच शिकतं ते," मी म्हटलं.

"मी काय वेगळं म्हणून राहिलो?" म्हणत त्यांनी भाकरी मोडली.

*

पुढचा किस्सा तेराव्याला कुणी सांगितला नाही. तिथं आम्ही दोघंच होतो.

गेल्या हिवाळ्यात ते मला उत्तरेकडच्या उतारावर घेऊन गेले. चार वर्षं मी तो डोंगर मशीनला शिकवत होते आणि एकदाही पाहिला नव्हता. उपग्रह वरून जातो तीच सकाळची वेळ त्यांनी मुद्दाम धरली. लख्ख उन्हातून चालवत आणून मला कड्याच्या सावलीत एका दगडावर बसवलं आणि हातात कोरा फॉर्म दिला.

"लिही. काय दिसते?"

"काही नाही. काळोख."

"मशीनही हेच म्हणते. मंग तुह्या कालेजचा काय फायदा?"

"अहो, थांबा जरा! आत्ता उन्हातून आलोय. डोळे सरावू द्या."

"हं. आता हे शिकव त्याले," ते म्हणाले आणि शेजारी बसले.

आम्ही थांबलो. आधी बांबू दिसला. मग जांभूळ. मग अगदी हाताशी एक जुनं, रुंद झाड, ज्याचं नाव मला येत नव्हतं. मी पेन उघडलं आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नाव सांगितलं नाही.

"बस अजून," म्हणाले.

पुढच्या महिन्यात नकाशा छपाईला जाणार आहे. त्या उतारावरचे तीन नमुने घ्यायचे राहिले आहेत. कोरे फॉर्म मी पिशवीत घातलेत.